नव्या ब्राउजरमधल्या वाकड्या रेषा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज कचेरीत जाऊन बसलो तर संगणकावरचा जुना ब्राउजर गायब. त्याच्या जागी नवा. सगळ्या मजल्यांवर एकदमच बदलला म्हणे, रविवारी, आम्ही घरी असताना. विचारायची पद्धत आमच्याकडे नाहीच. तीस वर्षं मी बससेवेची वेळापत्रकं तपासतोय. आधी कागदावर, आता वेबसाइटवर. लोक थांब्यावर उभे राहून फोनमध्ये तीच पाहतात. गाडी सहाला आणि पत्रकात सात, असं माझ्या हातून एकदाही सुटलेलं नाही. आणि माझं हत्यार बदलताना मला कुणी सांगतही नाही.

नव्या ब्राउजरने पत्रकाचं वाटोळं केलंय. परतीच्या गाड्यांचा रकाना खाली घसरलाय, थांब्यांची नावं एकमेकांच्या अंगावर चढलीत. शिवाय तक्त्याच्या आडव्या रेषा मधेच किंचित वाकतात. तळमजल्यावरच्या संगणकवाल्या बाईंना फोन केला.

"काका, ब्राउजरची कॅश, म्हणजे साठलेली जुनी पानं, रिकामी करा, नीट होईल."

केली. रकाना जागेवर आला, नावं सुटी झाली. रेषा मात्र वाकड्या त्या वाकड्याच. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे तर सरळ दिसताहेत." म्हटलं, तुमच्याकडे असतील. पत्रकं मी तपासतो, तुम्ही नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाई वर आल्या. पत्रक मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, फॉन्ट बदलला. मी रेषेवर बोट ठेवून दाखवलं, हे बघा, इथे पोट आलंय. त्यांनी मान तिरकी केली, खुर्ची ओढली, पुन्हा पाहिलं. "नाही हो दिसत, काका." कशी दिसणार? नजर असून भागत नाही, बघायची सवय लागते. कचेरीत मला उगाच भिंगकाका म्हणत नाहीत.

आणि हे भिंग एकच आहे, हे कचेरीत फक्त साहेबांना ठाऊक. डावा डोळा मी नऊ वर्षांचा असताना गलोलीचा खडा लागून गेला. त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उरलेल्या उजव्याच्या जोरावर मी तीस वर्षं दोन डोळेवाल्यांच्या चुका काढल्यात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझी पद्धत जुनी आहे. आगारातून आलेला मूळ कागद एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्क्रीनवर त्या ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची आणि ओळ जुळली की "बरोबर" म्हणायचं. "बरोबर" ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढच्या ओळीवर जायचं नाही. मग ओळ कितीही सोपी असो. माझा वाचणारा जोडीदार गेल्या वर्षी निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणाला दिलं नाही. आता वाचतोही मीच आणि "बरोबर"ही मीच म्हणतो.

रेषा नेमकी किती वाकलीय ते मोजावं म्हणून आज पट्टी लावली, तर पट्टीही तेवढीच वाकलेली. वीस वर्षांची आहे, खिडकीत उन्हात पडून असते. घरी येताना नवी घ्यायला गेलो. दुकानदाराने काढून दिली ती मधे वाकडी. दुसरी दिली, तीही. तिसरीही. म्हटलं, काय माल ठेवता हो तुम्ही? त्याने पट्टी काउंटरवर पालथी घातली, टिचकी मारली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. न घेताच आलो. हल्ली साधी सरळ पट्टी कुणाला बनवता येत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी चहा कपाबाहेर ओतला. बशीत नाही, थेट टेबलावर. हिने फडकं आणून पुसलं, बोलली काही नाही. बोलली ते संध्याकाळी, मी न्हाणीघराच्या दाराची चौकट फुगलीय, सुतार बोलवायला हवा, असं म्हटल्यावर. चौकटीवर तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"अहो, चौकट सरळ आहे. एकदा डोळे दाखवून या ना."

"चष्मा वर्षापूर्वीच केलाय. काचेवर अजून ओरखडा नाही."

"चष्म्याचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस? नवा ब्राउजर बसवल्यापासून दिवसभर त्या वाकड्या रेषांकडे बघतोय, नजर थकणारच. तो दुरुस्त झाला की मीही होईन."

हिला कशातही डोळेच दिसतात. उद्या मला अपचन झालं तरी डोळे दाखवा म्हणेल. खरं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा मला लहानपणापासून धसका आहे. गलोलीच्या वेळी ज्यांनी पाहिलं ते आईला म्हणाले होते, फार उशीर केलात. ते वाक्य मी बाकावर बसून ऐकलं होतं. असो. सुताराला शनिवारी बोलावलंय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रेषांचं एक वेळ परवडलं. आज स्क्रीनवर मधोमध करडा डाग आलाय. बोटाने पुसलं, रुमालाने पुसलं, पाण्याने पुसलं. जाईना. शिवाय लबाड डाग आहे. मी ज्या आकड्याकडे बघतो, नेमका त्याच्यावर येऊन बसतो. बाजूचं सगळं स्वच्छ.

बाईंना बोलावलं. त्यांनी ब्राउजरमधल्या नाना गोष्टी बंद केल्या, चालू केल्या, मग खालून दुसरा स्क्रीन उचलून आणला आणि जोडला. डाग त्या स्क्रीनवरही हजर. म्हटलं, बघा, म्हणजे स्क्रीनचा दोष नाही, ब्राउजरचाच. तपासायची रीत मला शिकवू नका.

बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही मान अशी वाकडी करून का बघता?" म्हटलं, तुमच्या ब्राउजरमुळे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही. पण इथे खोटं लिहायचं तर ही वही कशाला ठेवायची?

अकरा नंबरच्या मार्गाची पहिली गाडी पाच-पंधराला सुटते. काल मी तपासून सोडलेल्या पत्रकात ती सहा-पंधरा अशी गेली. रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या बायका त्या गाडीने कामावर जातात. आज सकाळी त्या फोनमधली वेळ बघून आल्या आणि गाडी कधीच निघून गेलेली. पुढची येईपर्यंत थंडीत ताटकळत बसल्या. सगळ्यांची पाळी बुडाली. त्यांच्यातली एक तडक आमच्या कचेरीत आली. ओरडली नाही. नुसतं विचारलं, "हे बघायला इथे कुणी नसतं का?"

साहेब म्हणाले, "तुमच्या हातून? तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून बघता."

मी म्हणालो, माझ्या स्क्रीनवर पाच-पंधराच होतं, नव्या ब्राउजरने आकडा बदलला असणार.

खरं काय ते इथे लिहितो. त्या जागी मला आकडा दिसलाच नव्हता. डाग होता. ती गाडी अकरा वर्षं पाच-पंधराला सुटते, म्हणून मनातल्या मनात पाच-पंधरा म्हटलं आणि "बरोबर" करून टाकलं. तीस वर्षांत प्रथमच न बघता "बरोबर" म्हणालो. मला माझीच किळस आली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बुधवारी बाईंविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. वारंवार कळवूनही दोष दूर केला नाही, सबब चूक घडली. आज त्यांना लेखी समज मिळाली. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

तासाभराने त्याच वर आल्या. माझ्या मशिनवर जुना ब्राउजर परत बसवला, साहेबांची खास परवानगी काढून. "आता बघा." पाहिलं. रेषा वाकड्या. डाग जिथल्या तिथे. जुन्या ब्राउजरमध्येसुद्धा.

"डाग गेला?"

मी गेला म्हणालो. का म्हणालो ते कळत नाही. त्या खाली गेल्यावर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून होतो. नव्याने जुन्यालाही नासवलं असणार. असं होऊ शकत असेल. होतच असणार.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पुरावा सापडला! पत्रकाचा स्क्रीनशॉट घेतला आणि कागदावर छापला. डाग कागदावरही आला! रेषाही वाकलेल्या. आता कुणी कानावर हात ठेवू शकणार नाही, म्हणून कागद घेऊन धावतच साहेबांकडे गेलो. वाटेत कचऱ्याच्या डब्याला पाय लागून तो कलंडला. कुणीतरी हसलं.

साहेबांनी कागद घेतला. उजेडात धरला. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे तसंच, तेवढाच वेळ पाहिलं.

"मला स्वच्छ दिसतंय हे."

"मधोमध बघा, साहेब."

"मधोमधच बघतोय." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "तुम्ही आठवडाभर घरी बसा. विश्रांती घ्या."

म्हणजे सगळे एक झालेत. माणसाला निकामी ठरवायचं तर आधी त्याला वेड्यात काढायचं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तेवढीही धड काढू देत नाहीत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घरी. वर्तमानपत्र वाचलं नाही. छपाई भिकार झालीय. सुतार त्या शनिवारी येऊन गेला, ओळंबा लावून म्हणाला की चौकट सरळ सुतात आहे. पैसे घेतले नाहीत.

दुपारी ही समोर बसून भाजी निवडत होती. तिच्याकडे सरळ पाहिलं की नाक-तोंड पुसल्यासारखं होतं. खिडकीकडे पाहिलं की मग तिच्या कानातली फुलं दिसतात, खांदा दिसतो, हात दिसतात. तोंड नाही. पस्तीस वर्षं बघितलेलं तोंड आहे म्हणून आठवून भरता येतं. पाच-पंधराची गाडी भरली तसं.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. दिवा बदलायला हवा."

"दुपारचे तीन वाजलेत."

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. कशासाठी ते लिहिणार नाही. एक विचार येतो, तोही लिहिणार नाही. लिहिला की तो खरा होईल. ब्राउजर दुरुस्त झाला पाहिजे. झालाच पाहिजे. देवा, ब्राउजरचाच दोष असू दे.

सोमवार, ३ मार्च

आठवडा संपला, कचेरीत गेलो. वर न जाता तळमजल्यावर बाईंच्या खोलीत गेलो. मला वाटलं, हाकलून देतील. खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बसा."

त्यांनी टेबलावर कोरा कागद घेतला. दिसावं म्हणून मोठमोठ्या अक्षरांत लिहीत गेल्या आणि लिहिता लिहिता वाचत गेल्या. ब्राउजर बदलला, तसंच. स्क्रीन बदलला, तसंच. जुना ब्राउजर परत आणला.

"तेव्हाही तसंच होतं ना, काका? तुम्ही गेला म्हणालात, पण मान तिरकीच होती तुमची."

मी हो म्हणालो.

"कागदावर छापलं. साहेबांनी सांगितलं मला. तिथेही तसंच. आमच्या कामात असंच असतं. एकेक गोष्ट बदलून बघायची. ती बदलूनही दोष गेला नाही, तर दोष तिच्यात नाही. मग न बदललेलं काय उरलं ते बघायचं."

पुढचं त्यांनी लिहिलं नाही. उठून खिडकीपाशी गेल्या आणि पडदा बाजूला केला. खिडकीला चौकोनी चौकोनी लोखंडी जाळी आहे.

"यात ब्राउजर नाही," त्या म्हणाल्या. "या गजांकडे बघा बरं."

पाहिलं. गज मधे वाकले होते, कुणी दोन्ही हातांनी फाकवल्यासारखे. चार चौकोन तर नव्हतेच. जिकडे पाहावं तिकडचे चौकोन नाहीसे.

बाईंनी विचारलं, "एक डोळा झाकून बघता का?" तेव्हा त्यांना सांगितलं की झाकायला माझ्याकडे दुसरा नाही. डावा मेलेलाच आहे. त्या परत टेबलाशी आल्या. मी दिलेल्या तक्रारीचा कागद याच टेबलावर काचेखाली ठेवलेला होता, वरचा शिक्का ओळखू आला. त्यांनीच माझ्याकडून नंबर घेऊन हिला फोन लावला.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली. तेवढ्यात कचेरीत जाऊन तक्रार मागे घेतली. चूक माझ्या तपासणीत झाली, पाच-पंधराचा आकडा मी न बघता मंजूर केला, संगणक विभागाचा त्यात दोष नाही. मजकूर मी सांगितला, टाइप बाईंनीच केला. स्वतःच्या निर्दोषपणाचं पत्र त्यांना स्वतःच टाइप करावं लागलं. सही कुठे करायची ते दिसेना, तर माझं बोट धरून ओळीवर नेलं. म्हणाल्या, "एवढं सगळं लिहायची गरज नव्हती, काका." मी म्हटलं, होती.

ही ओळ सरळ जातेय की नाही, मला कळत नाही.

बुधवार, ५ मार्च

(मी सांगतोय, ही लिहितेय. ओळी आता सरळ असतील.)

डॉक्टरांकडे भिंतीला टेकून बाक होता. ही माझा हात धरून बसली होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, मग चौकटी चौकटींचा एक कागद पुढे धरला. मधे किती चौकोन दिसत नाहीत, विचारलं. मी म्हणालो, मोजता येत नाहीत, कारण मोजायला गेलं की ते नसतात.

ते म्हणाले की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध, जिथे वाचायची नजर असते, तिथे गळती झाली आणि आता तिथे वण धरलाय. डोळ्यात इंजेक्शनं देऊ. कडेकडेचं टिकेल. माणूस घरात वावरेल, जेवेल, रस्ता ओलांडेल, पण जपून. वाचता येणार नाही. चेहरे दिसणार नाहीत.

"परत येणार नाही?" हिने विचारलं.

"मधलं नाही."

मग त्यांनी विचारलं, सुरुवात कधी झाली? लोकांना तारीख कधीच सांगता येत नाही, पण अंदाजाने सांगा. आधी रेषा वाकतात, डाग नंतर येतो. नुसत्या रेषा वाकतात, त्या दिवसांत आलेल्या माणसाची नजर बऱ्याचदा वाचवता येते, म्हणून विचारतो.

मी म्हणालो, अंदाज कशाला, सगळं लिहिलेलं आहे. तारीखवार. ब्राउजरचा दोष म्हणून मी एकही दिवस सोडला नव्हता. हिने पिशवीतून वही काढली. बाईंनी फोनवर तिला सांगितलं होतं, काकांकडे काही टिपणं असतील तर घेऊन जा. ही वही तिने आजवर कधी उघडली नव्हती.

"मी वाचू?" तिने विचारलं.

"वाच. पण माझ्या पद्धतीने वाच. मी बरोबर म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही."

तिने तीन तारीख वाचली. तक्त्याच्या आडव्या रेषा मधेच किंचित वाकतात. मी म्हणालो, बरोबर. डॉक्टर लिहून घेत होते. सहा तारीख वाचली, पट्टीही तेवढीच वाकलेली. बरोबर. मग दहा तारीख. चहा, फडकं, चौकट. तिचा आवाज एकसारखा चालला होता, माझा जोडीदार आकडे वाचायचा तसा. एकदा डोळे दाखवून या ना, हे तिचंच वाक्य तिने तशाच आवाजात वाचलं. माझी उत्तरं वाचली. मग वाचलं, "हिला कशातही डोळेच दिसतात."

तिथे थांबली.

डॉक्टरांचं पेनही थांबलं. "या तारखेपर्यंत डाग नव्हता?" त्यांनी विचारलं. समोर तिचा खांदा दिसत होता, हातातली वही दिसत होती. तोंड नव्हतं. ती वाट बघत होती. तिला पद्धत मीच घालून दिली होती, आणि ती मोडून पुढच्या ओळीवर जाणं तिच्या हातात नव्हतं.

(ही लिहायची थांबलीय. लिही म्हटलं.)

मी म्हणालो, "बरोबर."

मग तिने पान उलटलं.